चारशे जीबीचं लग्न

पत्र:

नमस्कार. मी पुण्यात धायरीला राहते आणि घरूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. चिंचवडचे एक फोटोग्राफर गेली चार वर्षं मला काम देतात, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. एका लग्नाचं फुटेज ४०० जीबीच्या आसपास भरतं. ते हार्ड डिस्कवर येतं आणि टीझरसाठी निवडलेल्या क्लिप वेगळ्या पेन ड्राइव्हवर येतात. ने-आण दादांकडचा मुलगा करतो. तीन आठवड्यांपूर्वी तो मेट्रोने स्वारगेटला उतरला, तिथून रिक्षाने माझ्याकडे आला आणि खिशात हात घालतो तर १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह नाही. रिक्षा निघून गेली होती. त्यात नवरीच्या तयारीच्या खोलीतलं शूटिंग होतं, दागिन्यांचे क्लोज-अप होते, घराच्या दारातले शॉट होते, पत्रिकासुद्धा होती. मूळ फुटेज दादांकडे असल्यामुळे काम अडलं नाही. दादा म्हणतात, "त्यांचं काही नुकसान झालेलं नाही, उगाच सांगून घोळ वाढवू नकोस." मला मात्र झोप लागत नाही. त्या घरी मी कधी गेले नाही, पण त्या मुलीचा चेहरा रोज आठ-आठ तास माझ्या स्क्रीनवर असतो.

पुढच्यासाठी काय करावं यावर आमचं एकमत नाही. दादा म्हणतात सगळं गूगल ड्राइव्हवर टाकू आणि लिंक पाठवू. त्यांचा भाचा म्हणतो घरीच एफटीपी सर्व्हर लावू, म्हणजे बाहेरून फाइल घेता-देता येतील असं मशीन, राउटरमध्ये पोर्ट उघडलं की झालं. माझ्याकडे विंडोजचा पीसी आहे, दादांकडे मॅक. दोघंही दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. माझं इंटरनेट १०० एमबीपीएस, दादांचं अपलोड ४०. नवरीचा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्यालाही तयार फिल्म पाठवायची आहे. कृपया नाव छापू नये.

उत्तर:

ताई, पत्राचा निम्मा भाग फाइल कशा पाठवाव्यात याबद्दल आहे, पण तुमची झोप उडाली आहे ती दुसऱ्याच गोष्टीने. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

नवरीच्या घरी सांगा. दादांनी सांगितलं तर सगळ्यात चांगलं, कारण त्या घराशी व्यवहार त्यांनी केला आहे. त्यांना दोन दिवस द्या. ते तयार झाले नाहीत तर त्यांना आधी कल्पना देऊन तुम्ही स्वतः फोन करा. हे लिहिताना तुमचं काम जाऊ शकतं याची मला जाणीव आहे. तरीही माझं मत हेच आहे.

'नुकसान झालेलं नाही' असं दादा म्हणतात ते एका अर्थाने खरं आहे, कारण फुटेज आपल्याकडे शिल्लक आहे. पण फाइलचं हरवणं दोन तऱ्हांचं असतं. एक, ती आपल्याकडून जाते. दोन, ती आपल्याकडेही राहते आणि परक्याच्या हातीही लागते. दागिना चोरीला गेला की डबी रिकामी दिसते. फाइल गेली तरी फोल्डर भरलेलाच दिसतो, म्हणून आपल्याला काही झालंसं वाटत नाही. त्या पेन ड्राइव्हमध्ये काय होतं ते तुम्हीच लिहिलं आहे. दागिने कोणते आहेत, दार कसं आहे, खोल्या कशा आहेत, आणि पत्रिकेवर नाव, पत्ता, फोन नंबर. लग्नानंतर बरेच दिवस दागिने घरातच असतात. पाहुणे गेले, सत्यनारायण झाला, की मग कुणीतरी ते लॉकरमध्ये नेतं. घरच्यांना कळलं तर ते उद्याच नेतील. त्या मुलीचे खोलीतले फोटो कुठे दिसले तर ते कुठून आले हे तिला माहीत असेल, घरातल्या कुणावर नाहक संशय जाणार नाही. सांगण्याचा उपयोग हा आहे. माफी त्यानंतर येते.

फोनवर तारीख, जागा, त्यात कोणकोणत्या क्लिप होत्या आणि तुम्ही आता काय करत आहात, एवढं स्पष्ट सांगा. 'काही होणार नाही' असं म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. हरवल्याची नोंद पोलिसांकडे करून ठेवा, पुढे काही निघालं तर ती तारीख उपयोगी पडते. फुटेज कुठे दिसलंच, तर तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते, हेही त्यांना सांगा. आणि दादांना एवढंच सांगा की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्याची माहिती फुटली त्याला कळवण्याचं कलम आहे. कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

दादांकडच्या त्या मुलाला एव्हाना पुष्कळ बोलणी बसली असतील. ती थांबवा. मेट्रो, जिना, गर्दी, रिक्षा एवढ्या प्रवासात बोटाएवढी वस्तू खिशातून पडणं ही कुणाच्याही हातून होणारी गोष्ट आहे. चूक त्याच्या आधी, चिंचवडच्या टेबलावर झाली. पेन ड्राइव्ह उघडा होता. ज्याला सापडेल त्याने तो लावला की सगळं समोर. तोच कुलूपबंद असता तर आज तुम्ही फक्त एका पेन ड्राइव्हच्या किमतीबद्दल हळहळत असता.

हेच मला तुम्हाला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. माल आधी कुलपात घाला, आणि किल्ली दुसऱ्या रस्त्याने पाठवा. मग माल मेट्रोने जाऊ दे, स्कूटरवरून जाऊ दे की तारेतून. तुमच्याच क्षेत्रातल्या मोठ्या भावंडांकडे बघा. थिएटरला सिनेमा डिजिटल पॅकेजच्या रूपात जातो, त्याला डीसीपी म्हणतात. मोठ्या सिनेमाच्या फाइल डिस्कवर एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाहीत अशा असतात. ती डिस्क वाटेत कुणी पळवली तरी त्याला काही दिसत नाही. उघडण्याची किल्ली वेगळी पाठवतात, तिला केडीएम म्हणतात. ती ठरलेल्या थिएटरच्या ठरलेल्या सर्व्हरवरच चालते, तीही ठरलेल्या तारखेपासून ठरलेल्या तारखेपर्यंत. कोट्यवधींचा सिनेमा कुरिअरच्या भरवशावर सोडतात ते कुरिअरवाल्यावरच्या विश्वासाने सोडत नाहीत.

तुमच्यासाठी हे काम व्हेराक्रिप्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम करतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत याच कामाचं बिटलॉकर असतं आणि ते चांगलंही आहे, पण त्याने बंद केलेली डिस्क मॅकवर सरळ उघडत नाही, म्हणून तुमच्या जोडीला ते चालणार नाही. व्हेराक्रिप्ट दोन्हीकडे चालतं (मॅकवर त्याच्यासोबत मॅकफ्यूज हा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो). त्यात दोन वाटा आहेत: सगळी डिस्कच एन्क्रिप्ट करणं, किंवा डिस्कवर एक भलीमोठी कुलूपबंद फाइल बनवणं, जिला ते कंटेनर म्हणतात. तुम्ही कंटेनरच घ्या. कारण सांगतो. सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली की विंडोजला ती ओळखता येत नाही आणि लावल्याबरोबर ते विचारतं, 'ही डिस्क फॉरमॅट करू का?' घाईच्या दिवशी, लग्नाच्या सीझनमध्ये, रात्री दोन वाजता कुणीतरी त्याला होकार देतं. कंटेनर असेल तर डिस्क नेहमीसारखी उघडते आणि आत एकच मोठी फाइल दिसते. ती व्हेराक्रिप्टमधून पासवर्ड देऊन उघडली की एक नवा ड्राइव्ह समोर येतो. त्यात नेहमीसारखं कॉपी करा, काम झालं की तो ड्राइव्ह व्हेराक्रिप्टमधूनच बंद करा. सेकंदात कुलूप बंद.

डिस्क आणि कंटेनर दोन्ही एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, ते विंडोज आणि मॅक दोन्हीकडे वाचता-लिहिता येतं. विंडोजचं नेहमीचं एनटीएफएस मॅक वाचतो पण त्यावर लिहीत नाही, आणि जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. तुमची फेऱ्यांची एक सलग क्लिपच त्याहून मोठी असेल. ४५० जीबीचा कंटेनर पहिल्यांदा बनायला तासभर तरी लागेल, पण तो एकदाच बनवायचा. एक सवय मात्र लावून घ्या. एक्सफॅटवरची डिस्क इजेक्ट न करता उपटली तर आतली नोंद बिघडू शकते, आणि कंटेनर ही एकच फाइल असल्यामुळे बिघडलं तर सगळंच अडकतं.

पासवर्डमध्ये लग्नाची तारीख, नवरा-नवरीची नावं, दादांच्या स्टुडिओचं नाव यातलं काही नको. एकमेकांशी काही संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहा, म्हणजे तवा, डोंगर, पत्रा, सायकल, लिंबू अशा तऱ्हेचे. लक्षात राहतात आणि ओळखायला फार कठीण जातात. (हेच शब्द आता इथे छापून आले, म्हणून ते घेऊ नका.) दर लग्नाला नवा पासवर्ड. तो तुम्ही आणि दादा फोनवर बोलून ठरवा. डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर नको, डिस्कच्या पाकिटात नको, आणि डिस्क नेणाऱ्या मुलालाही तो माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्यावरचं ओझं तेवढंच कमी होतं. एका वहीत लिहून वही कपाटात ठेवा, कारण हा पासवर्ड विसरलात तर व्हेराक्रिप्ट बनवणारेसुद्धा तुम्हाला तो परत देऊ शकत नाहीत.

आता रस्त्याचा हिशोब. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. ४०० जीबी म्हणजे ३२ लाख मेगाबिट. दादांच्या ४० च्या अपलोडने भागा. ८० हजार सेकंद, म्हणजे २२ तासांहून जास्त, तेही लाइन एकदाही न तुटता आणि त्या घरात दुसऱ्या कुणी व्हिडिओ कॉल न करता. तुमच्याकडचे १०० इथे कामाला येत नाहीत, कारण पाणी येतं ते बारीक नळाच्या धारेने. याउलट साधी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क सेकंदाला १००-१२० एमबी लिहिते, म्हणजे ४०० जीबी तासाभरात उतरतात. चिंचवडहून वाकड, चांदणी चौक, नवले पूल करत धायरीला यायला नवले पुलाजवळची कोंडी धरून समजा दीड तास. तुमच्याकडे उतरवायला आणखी एक तास. साडेतीन-चार तासांत काम संपलं.

म्हणून डिस्क पाठवणं मागासलेपणाचं आहे असं भाच्याने म्हटलं तर मनावर घेऊ नका. २०१९ च्या एप्रिलमध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र जगाने पाहिलं. त्यासाठी २०१७ मध्ये आठ दुर्बिणींनी मिळून सुमारे ५ पेटाबाइट, म्हणजे ५० लाख जीबी माहिती गोळा केली होती. तुमच्या मापाने साडेबारा हजार लग्नं. ती इंटरनेटवरून पाठवणं शक्यच नव्हतं. हार्ड डिस्क विमानाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आणि जर्मनीत बॉनला नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत कित्येक महिने तिथेच थांबल्या होत्या.

पण ताई, मला वाटतं तुम्ही दोघांनी एक प्रश्न स्वतःला विचारलेलाच नाही. ४०० जीबी प्रत्येक वेळी धायरीला यायलाच हवेत का? तुम्ही रिझॉल्व्ह वापरता, त्यात प्रॉक्सी बनवायची सोय आहे. प्रॉक्सी म्हणजे प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल, तेच नाव, तोच टाइमकोड (प्रत्येक चित्राची वेळ सांगणारा आकडा), फक्त कमी दर्जाची. दादांचं मूळ फुटेज १०० एमबीपीएसच्या आसपास असणार, म्हणजे ४०० जीबीत साधारण नऊ तासांचं शूटिंग. प्रॉक्सी १० एमबीपीएसची धरली तर सगळं लग्न ४० जीबीत बसतं. ते ४० च्या अपलोडने सव्वादोन तासांत निघतं, अडथळे धरून तीन तास धरा. दादांनी रात्री लावून झोपावं. तुम्ही प्रॉक्सीवर कापाकापी करा, गाणं बसवा, सगळं करा, आणि परत पाठवताना व्हिडिओ पाठवूच नका. फक्त प्रोजेक्टची फाइल पाठवा, ती अगदी छोटी असते. दादा आपल्या मॅकवर ती उघडून मूळ फुटेजला जोडतील आणि शेवटचं रेंडर, म्हणजे तयार फिल्मची फाइल बनणं, तिथेच होईल. याला दादांचा मॅक काही तास अडकेल, रंगाचं बारीक काम असेल तेव्हा तुम्हाला मूळ क्लिप लागतील, ते खरं आहे. तेव्हा तेवढ्याच क्लिप मागवा. एरवी मूळ फुटेज चिंचवडच्या बाहेरच पडत नाही. जे घराबाहेर पडलं नाही ते रिक्षात राहत नाही.

प्रॉक्सी आणि प्रोजेक्ट इंटरनेटवरून पाठवण्यासाठी मी तुम्हाला सिंकथिंग सुचवतो. मोफत आहे, त्याचा कोड सगळ्यांना पाहायला खुला आहे, विंडोज-मॅक दोन्हीवर चालतो. यात मध्ये कुणाचं गोदाम नसतं. दादांच्या मशीनवरचा फोल्डर सरळ तुमच्या मशीनवर येतो, वाटेत एन्क्रिप्ट होऊन. प्रत्येक मशीनला एक लांबलचक ओळखक्रमांक मिळतो. दोघांनी एकमेकांचा क्रमांक घेऊन मान्य केल्याशिवाय जोडणी होत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरगुती फायबर जोडण्यांना स्वतःचा वेगळा पब्लिक आयपी पत्ता नसतो, एकाच पत्त्यामागे अनेक घरं असतात, त्यामुळे दोन घरांतली मशीन कधीकधी एकमेकांना सरळ गाठू शकत नाहीत. तेव्हा सिंकथिंग मधल्या रिले सर्व्हरवरून जातं. वेग उतरतो, पण रिलेवाल्याला आतलं काही दिसत नाही. लाइन तुटली तर जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. दोन्ही मशीन चालू असायला हवीत, ही त्यातली गैरसोय.

एक सेटिंग विसरू नका. सिंकथिंग हे दोन्हीकडे सारखं ठेवणारं यंत्र आहे, म्हणजे इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. प्रॉक्सीच्या फोल्डरला दादांच्या बाजूला 'फक्त पाठवणे' आणि तुमच्या बाजूला 'फक्त घेणे' हा प्रकार निवडा. प्रोजेक्टच्या फाइलसाठी उलट दिशेचा वेगळा फोल्डर करा आणि त्याला जुन्या आवृत्त्या राखून ठेवायला सांगा. आणि हे सगळं सुरक्षित असलं तरी तुमच्या पीसीवर फाइल उघडीच येते. पीसीवर घरातली मुलं खेळत असतील तर त्यांचं खातं वेगळं करा.

भाच्याच्या एफटीपीला माझा स्पष्ट नकार आहे. मुलगा हुशार आहे हे दिसतंच, म्हणून त्याला कारणासकट सांगा. एफटीपीचा पहिला आराखडा १९७१ मध्ये अभय भूषण यांनी मांडला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा हा विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होता. त्या वेळच्या नेटवर्कवर मोजकीच मशीन होती आणि ती चालवणारे लोक एकमेकांना ओळखत होते. त्या गावात दाराला कडी लावायची गरज नव्हती, म्हणून साध्या एफटीपीत पासवर्डसुद्धा उघडा जातो. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी नेटवर्कवर कान लावून पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, त्यात दोन मशीनमधलं सगळं बोलणं एन्क्रिप्ट होऊन जातं. भाच्याला सर्व्हर लावायचाच असेल तर त्या एसएसएचवर चालणारं एसएफटीपी शिकू दे, तेही पासवर्डऐवजी किल्लीच्या जोडीने. पण कामाच्या मशीनकडे जाणारं पोर्ट राउटरमध्ये उघडणं म्हणजे रस्त्याच्या बाजूला घराला नवं दार पाडणं. सगळ्या इंटरनेटवर अशी दारं शोधत फिरणारे प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात. विंडोजच्या फाइल शेअरिंगचं ४४५ क्रमांकाचं पोर्ट तर कधीच बाहेर उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल अडकवून खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला आणि ब्रिटनमधली रुग्णालयं ठप्प झाली. लग्नाचं फुटेज खंडणीसाठी अडकवलेलं कुणालाच परवडणार नाही.

गूगल ड्राइव्हला माझी ना नाही, दादांच्या पद्धतीला आहे. मोफत जागा १५ जीबी, तीही जीमेल आणि फोटोंसकट, म्हणजे ४०० जीबीचा प्रश्न तिथेच मिटतो. तयार फिल्मसाठी मात्र ड्राइव्ह चांगलं आहे. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय निवडू नका. लग्नाची लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवर जातेच, तिथून सोसायटीच्या, तिथून कुणाच्या कुणाकडे. न्यू जर्सीच्या भावाचा आणि नवरीच्या आई-वडिलांचा ईमेल घाला, तेवढ्याच खात्यांना परवानगी द्या, महिन्याभराने काढून टाका. भावाने डाउनलोड केल्याचं त्याच्याकडून ऐकल्याशिवाय काढू नका, एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपवर मोठी फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून २ जीबीपर्यंत जाते आणि ती वाटेत कुणी वाचू शकत नाही. व्हिडिओ म्हणून पाठवलीत तर दर्जा उतरतो. टीझर दाखवायला ते पुरे.

आता जे सांगतो आहे ते माझ्या घरातलं आहे. २०१३ साली माझ्या भाच्याची मुंज होती, शूटिंग मी केलं होतं. मातृभोजनाच्या वेळी बहीण भाच्याला भरवत होती आणि आमची आई शेजारी बसून त्याला एकेक पदार्थ पुढे करत होती. रात्री कार्ड लॅपटॉपवर उतरवलं, कॉपीची खिडकी मुकाट्याने बंद झाली, आणि दुसऱ्या दिवशी कार्ड लागणार होतं म्हणून मी ते फॉरमॅट केलं. आठवड्याने फाइल उघडली. आकार बरोबर होता, पण दोन मिनिटांनी चित्र थांबायचं. पुढच्या वर्षी आई गेली. त्या दोन मिनिटांच्या पुढचं आमच्याकडे काही नाही.

म्हणून कॉपी झाली असं मशीनने म्हटलं, की ती पडताळल्याशिवाय मी आता मूळ पुसत नाही. पडताळणीची रीत अशी. प्रत्येक फाइलवरून गणित करून एक ठसा काढता येतो. एसएचए-२५६ हा त्यातला सध्या सर्रास वापरला जाणारा. फाइल एक जीबीची असो की शंभर, ठसा ६४ अक्षरांचाच, आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. दोन्हीकडचे ठसे जुळले की प्रत तंतोतंत. तुम्हाला हे हाताने करायची गरज नाही. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे, ते कार्डावरून डिस्कवर उतरवताना अशी पडताळणी करतं. दादांनी कार्ड उतरवताना तेच वापरावं, मॅकच्या फाइंडरमधून ओढून टाकणं बंद करावं. सिंकथिंग स्वतःच प्रत्येक तुकड्याचा ठसा तपासतं. कंटेनरमध्ये टाकलेल्या क्लिपसाठी सेव्हन-झिप या मोफत प्रोग्रॅमच्या राइट क्लिकमध्ये एसएचए-२५६ मिळतं. आणि फिल्म घरच्यांच्या हाती पडेपर्यंत मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर हवंच. त्यातली एक स्टुडिओत नको, दादांच्या घरी हवी. आग लागली, पाणी शिरलं तर शेजारी ठेवलेल्या दोन डिस्क एकदमच जातात.

नव्या डिस्क आणि पेन ड्राइव्ह तपकीर गल्लीच्या बाजारात घ्या, पण बिल घेऊनच घ्या. स्वस्तातल्या काही पेन ड्राइव्हवर आकडा ५१२ चा असतो आणि आत जागा ३२ ची. ते भरल्यावर पुढचं लिहिल्यासारखं दाखवतात, प्रत्यक्षात काही उरत नाही. एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्रॅम रिकाम्या ड्राइव्हवर पूर्ण लिहून परत वाचून पाहतो. रात्रभर लागला तरी चालेल, पहिल्या वापराआधी चालवा.

जुने पेन ड्राइव्ह तुमच्याकडे दहा-वीस तरी असतील. त्यांवरची फुटेज 'डिलीट' केली असली तरी ती बऱ्याचदा परत काढता येते, कारण डिलीटने फक्त नोंद पुसली जाते. पेन ड्राइव्हवर वरून दुसरं काही लिहिलं तरी सगळं झाकलं जाईल याची खात्री नसते, आतली चिप लिहिण्याच्या जागा स्वतःच बदलत असते. ते कुणाला देऊ नका. काम संपल्यावर हातोड्याने फोडा. कंटेनर असलेल्या डिस्कचं तसं नाही. तिथे कुलूप पहिल्या दिवसापासून आहे, वहीतला पासवर्ड फाडला की आतलं कायमचं बंद. दादांच्या करारात एक ओळ वाढवा, की फिल्म दिल्यानंतर फुटेज अमुक महिने ठेवू आणि मग पुसू. किती महिने, ते प्रत्येक घराला विचारून लिहा. काही घरांना दहा वर्षं हवं असेल, काहींना लगेच पुसलेलं.

कुलपाचं काम येत्या रविवारी दादांबरोबर बसून करा, दोन-तीन तासांत होईल. नवरीच्या घरचा फोन त्याच्याही आधी. आणि तो झाला की दादांकडच्या त्या मुलाला सांगा, की झाला. तोही तीन आठवडे नीट झोपला नसेल.